दहा नंबरची खुर्ची

थोराच्या हातातलं पत्र वाऱ्यानं हिसकावलं आणि ते थेट रस्त्यापलीकडे, कॅथीड्रलच्या हिरवळीकडे पळत सुटलं.

ती मागून धावली. कर्कवॉलसारख्या बेटावरच्या गावात कागदामागे, टोपीमागे, कधी छत्रीच्या सांगाड्यामागे धावणारी माणसं रोजच दिसतात, त्यामुळे कुणी वळूनही पाहिलं नाही. फक्त समोरून येणाऱ्या एका उंच माणसानं आपला उजवा पाय उचलला आणि अगदी सावकाश, मांजरीवर पाय पडू नये अशा बेतानं, पत्रावर ठेवला.

"सापडलं," तो म्हणाला.

"पाय काढा! कोर्टाचं पत्र आहे ते!"

"काढला तर कोर्टाचं पत्र समुद्रात जाईल." तो तिच्याकडे बघून नव्हे, आपल्या बुटाकडे बघून बोलत होता. "असं करू. तुम्ही कोपरा धरा, मग मी पाय उचलतो. धरलंत? घट्ट? एक… दोन…"

थोरा वाकली. पत्र हातात आलं, पण 'थोरा फ्लेट' या नावावर बुटाचा मातकट ठसा उमटला होता, टाचेसकट.

"वा!" ती म्हणाली. "आता काय सांगू तिथे? माझ्या नावावरून कोण चालून गेलं म्हणून?"

"सांगा, वेस्ट्रे बेटावरचा एर्लेंड ड्रेव्हर." त्यानं खिशातून तसंच एक पत्र काढलं. चार घड्या घातलेलं. "तो पण तिथेच असेल. ज्युरीला बोलावलंय त्याला."

दोघं एकाच दारातून आत गेले. एर्लेंड मागे राहून दार धरून उभा राहिला, आणि वाऱ्यानं ते दार त्याच्याच खांद्यावर आपटलं. थोराला हसू आलं. ते तिनं लपवलं नाही.

आत पंचेचाळीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. ओले कोट, लोकरी टोप्या, कुणाच्या पिशवीतून डोकावणारा पाव. न्यायाधीशबाई मुख्य भूमीवरून आलेल्या. त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "आरोपीचं नाव विल्यम हार्कस. त्यांना ओळखत असेल त्यानं उभं राहावं."

पंचेचाळीसपैकी सव्वीस जण उभे राहिले.

कुणाची बायको त्याच्याबरोबर शाळेत होती, कुणी त्याच्याकडून अंडी घ्यायचं, कुणाच्या आत्याचं लग्न त्याच्या चुलत्याशी होता होता मोडलं होतं. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ओळखणं म्हणजे रस्त्यात नुसता हात हलवणं नव्हे," त्या म्हणाल्या.

चार जण पुन्हा खाली बसले. सगळी खोली हसली. लाकडी कठड्याआड बसलेला हार्कस तेवढा हसला नाही. साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस, आपल्या बोटांकडे बघत बसला होता. अटक झाल्या दिवसापासून तो कुणाशीच बोलला नव्हता, स्वतःच्या वकिलाशीसुद्धा.

उरलेल्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या काचेच्या भांड्यात पडल्या. कारकून एकेक काढून वाचू लागला. थोराचा पाय जमिनीवर टकटक वाजत होता. तिला स्वस्थ बसता यायचंच नाही. गुरांच्या लिलावात तिचं कामच तसं होतं. पुकारणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं, कोणत्या शेतकऱ्यानं मान हलवली, कुणी नुसती भुवई उडवली ते टिपायचं. डोळे एका जागी ठरले की धंदा बुडाला.

"नऊ. थोरा फ्लेट."

ती उठली.

"दहा. एर्लेंड ड्रेव्हर."

अरे देवा, असं तिला वाटलं. मग थोड्या वेळानं तिला कळलं, की आपल्याला बरं वाटलंय.

निवडलेल्या पंधराही जणांनी उजवे हात वर करून शपथ घेतली. एर्लेंडचा हात तिच्या शेजारी वर गेला. बोटांची टोकं खरबरीत, नखांच्या कडांना न निघणारी दगडाची भुकटी.

खटला साधा होता आणि वाईट होता. हार्कसच्या शेजारी रेंडल नावाचा माणूस गेल्याच वर्षी दक्षिणेकडून येऊन शेती करू लागला होता. त्याच्या चराचं पाणी हार्कसच्या अंगणात शिरायचं, त्यावरून दोघांची भांडणं. मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी सव्वाचारच्या सुमारास रेंडलचं पेंढ्याचं कोठार पेटलं. आत डेव्ही नावाचा त्याचा गडी जेवून पडला होता. तो वाचला, पण पेटतं दार ढकलताना उजव्या हातानं अधू झाला.

डेव्ही साक्षीला आला तेव्हा त्याला शपथेसाठी उजवा हात वर करायला सांगितलं. त्यानं केला. गुलाबी, तुकतुकीत, बोटं आत वळलेली. हात पुरता उघडत नव्हता. थोराचा पाय तेव्हा मात्र थांबला.

"शर्टाची बटणं आई लावते," डेव्ही म्हणाला. तीस वर्षांचा होता तो. 

खटल्याबद्दल बाहेर एक अक्षर बोलायचं नाही, आपसातही नाही, अशी ताकीद होती. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत बंदराच्या धक्क्यावर, तळलेल्या पॅटिसचा कागद मांडीवर घेऊन, नऊ आणि दहा नंबरला बोलायला विषयच नव्हता.

"हवेवर बोलू," एर्लेंड म्हणाला.

"बोला."

"वारा आहे."

"झालं? एवढंच? आता उरलेला पाऊण तास काय करायचं?"

"तुम्ही बोला. तुम्हाला लिलावात बोलायची सवय आहे."

"मी तिथे बोलत नाही, बघते. कोण कशासाठी डोळा मारतंय ते मला लगेच कळतं."

"लगेच?"

"डोळ्याचं पातं लवायच्या आत."

एर्लेंडनं पॅटिसचा मोठा घास घेतला आणि समुद्राकडे बघू लागला. कानाच्या पाळ्या लाल. वाऱ्यानंही होतात म्हणा…

तो गडगे रचायचा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. "माझ्या आधी माझे आजोबा रचायचे," तो सांगायचा. "दगड हातात घेतला की तो कुठे बसणार ते त्यालाच माहीत असतं. आपण घाई करायची नाही."

"मला नाही जमणार."

"ते दिसतंच आहे." आणि त्यानं तिच्या टकटकणाऱ्या पायाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात, नेटा नावाची टपालवाली साक्ष देत होती तेव्हा, तो पाय पुन्हा सुरू झाला. नेटा सांगत होती की मंगळवारी सव्वाचारला ती टपालाची गाडी घेऊन त्या रस्त्यानं चालली होती. हार्कस कोठाराच्या दारातून बाहेर पडताना तिनं पाहिला, हातात लाल डबा होता. सरकारी वकिलाच्या दृष्टीनं ही एक बाजू, आणि हार्कसच्या बाहीवर सापडलेलं पेट्रोल ही दुसरी. तिथल्या कायद्याला एकाच बाजूनं आलेला पुरावा चालत नाही, दोन लागतात. टक, टक, टक… आणि एर्लेंडनं समोर बघत, तोंडावरची रेषही न हलवता, आपल्या बुटाचं टोक तिच्या बुटावर अलगद टेकवलं.

पाय थांबला. बाकी सगळं मात्र सुरू झालं.

त्या दुपारी धक्क्यावर ती म्हणाली, "तू माझ्या पायावर पाय दिलास." तिचं तिलाच कळलं नाही की 'तुम्ही' कधी गळून पडलं.

"तू दुसऱ्यांची साक्ष बुडवत होतीस."

"असं? आणि काढायला विसरलास ते?"

"विसरलो नव्हतो," एर्लेंड म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी काढलेले फोटो आले. एकेक फोटो पंधरा जणांच्या हातांतून फिरत होता. जळकं कोठार, वाकलेलं दार, आणि रस्त्यावरून घेतलेला एक फोटो, ज्यात ते दार अगदी स्वच्छ दिसत होतं. अलीकडे रस्त्याच्या कडेला दगडांचा एक ढिगारा. थोरानं तो फोटो पाहून एर्लेंडकडे दिला.

तो त्यानं पुढे दिलाच नाही. बघत राहिला. अकरा नंबरवरच्या मिसेस लिंक्लेटरनी हात पुढे केला, खाकरल्या, शेवटी त्याच्या बोटांतून ओढून घेतला.

धक्क्यावर त्या दिवशी त्याचा कागद तसाच बांधलेला राहिला. एक समुद्रपक्षी येऊन बसला, वाट बघून कंटाळून उडाला.

"काय झालं?" थोरानं विचारलं.

"त्या फोटोत…"

"थांब!" तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "एक शब्द नको. आपल्याला मनाई आहे."

"मला काहीतरी माहीत आहे, थोरा. कोर्टात जे कुणी सांगितलं नाही असं."

"मग मला नको सांगू. न्यायाधीशबाईंना सांग. चिठ्ठी लिही, शिपायाकडे दे. ज्युरीत बसून मनात ठेवलेलं काही वापरायचं नाही, पहिल्याच दिवशी सांगितलंय त्यांनी."

"लिहिली तर मला काढतील."

"काढू देत."

"काढलं तर संध्याकाळची बोट. वेस्ट्रे."  दगड बसवणारी ती मोठी बोटं कागदाच्या दोऱ्याशी उगाच चाळा करत होती. "तिकडे गडगे आहेत, गुरं आहेत, माझी आई आहे… तू नाहीस."

वारा पडल्यासारखा वाटला. पडला नव्हता.

"तीन दिवसांची ओळख," थोरा म्हणाली. आवाज तिला हवा तेवढा थट्टेचा निघाला नाही.

"हो. म्हणून तर म्हणतोय, अजून दोन दिवस मिळू देत. मी गप्प बसेन, हात वर करेन, कुणाला कळणार नाही."

तिला 'राहा' म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. मग तिला कठड्याआड आपल्या बोटांकडे बघत बसलेला तो म्हातारा आठवला, आणि डेव्हीचा न उघडणारा हातही. दोघांपैकी कुणाच्या बाजूचं हे 'काहीतरी' होतं, हे तिला माहीत नव्हतं.

"तू जे गप्प ठेवशील," ती हळूच म्हणाली, "ते मग मला तुझ्या तोंडावर रोज दिसेल, एर्लेंड. मला दिसतं. माझा धंदा आहे तो."

 त्यानं खिशातून सुताराची जाड पेन्सिल काढली आणि पॅटिसच्या कागदाचा कोरडा कोपरा फाडला.

दुपारी दहा नंबरची खुर्ची रिकामी होती.

न्यायाधीशबाईंनी एवढंच सांगितलं, की दहा नंबरच्या सदस्यानं प्रामाणिकपणे एक गोष्ट कळवली म्हणून त्यांना मोकळं केलंय, त्यांचा काही दोष नाही. खटला चौदा जणांवर चालेल. आणि निकालापर्यंत त्यांच्याशी कुणीही बोलायचं नाही, एकही शब्द नाही. बोलताना त्यांनी थोराकडे पाहिलं नव्हतं. तरी तिला वाटलं, आपल्याकडेच पाहिलं.

संध्याकाळची बोट गेली. थोरा घराच्या खिडकीतून ती लांब जाताना बघत उभी राहिली, आणि आईनं तिसऱ्यांदा जेवायला हाक मारली तेव्हा खेकसली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाशेजारच्या बोळातून ठक… ठक… आवाज येत होता. कुणाच्या तरी बागेचा पडका गडगा एर्लेंड बांधत होता. गुडघ्यावर बसून, बाह्या वर करून. ती चार हातांवरून गेली. त्यानं मान वर केली नाही, तिनं थांबायचं नव्हतं. हातोडी मात्र एक ठोका चुकली.

तो गेला नव्हता!

दिवसभर तो आवाज उघड्या खिडकीतून आत येत राहिला. थांबला की थोराचा जीव टांगणीला लागायचा, सुरू झाला की लक्ष उडायचं. दोन्हीकडून चैन नाही.

त्याच सकाळी आरोपीच्या वकिलानं अग्निशमन दलाच्या माणसाला पुन्हा बोलावलं.

"रस्त्याच्या कडेला तो दगडांचा ढीग कसला?"

"गडगा होता तिथे. बंब आत न्यायला आम्ही पाडला."

"म्हणजे आग लागायच्या आधी तो उभा होता? किती उंच?"

"माझ्या खांद्याला लागत असेल. चांगला नवा होता, नीट रचलेला. पाडायला जीवावर आलं."

बाकांवर कुजबूज झाली. टपालाच्या गाडीत बसून खांद्याएवढ्या गडग्यापलीकडचं दार दिसेल? थोराला आता कळलं, त्या फोटोत एर्लेंडला काय दिसलं होतं ते. फोटो आगीनंतरचा. आणि ते दगड त्यानं ओळखले होते.

नेटाला परत उभं केलं. ती चिडली होती, गळ्यापाशी लाल झाली होती. "गडग्यात फाटक आहे. उघडं होतं. फाटकातून दिसला मला."

"गाडी थांबवली होती का?"

"नाही. हळू केली होती."

"फाटकाचं आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही!"

हार्कसनं पहिल्यांदाच मान वर केली. नेटाकडे पाहिलं, रागानं नाही, नुसतं पाहिलं. मग पुन्हा बोटं.

शुक्रवारी अकरा वाजता चौदा जणांना मागच्या खोलीत नेलं. एक लांब टेबल, किटली, बिस्किटांचा डबा, आणि दाराबाहेर शिपाई. न्यायाधीशबाईंनी समजावलं होतं: दोषी म्हणायचं तर चौदापैकी आठ जण हवेत. नाहीतर निर्दोष, नाहीतर तिथल्या कायद्यातला तिसरा निकाल, सिद्ध झालं नाही. दोन्हींत आरोपी सुटतो. आणि शंका राहिली, खरीखुरी शंका, तर तिचा फायदा त्याचा.

बोटीवरून निवृत्त झालेले कप्तान फोबिस्टर प्रमुख झाले, कारण घड्याळ त्यांच्याकडे होतं. तासाभरानं त्यांनी हात मोजले. दोषी म्हणणारे सात. निर्दोष दोन, सिद्ध नाही म्हणणारे चार.

"आणि तू गं?" ते थोराला म्हणाले.

"मी अजून कुठेच नाही."

तेरा माना वळल्या. आठवा हात तिचा होता.

"त्या पोराचा हात पाहिलास ना?" मिसेस लिंक्लेटर म्हणाल्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई, त्यांचा प्रश्न अंगावर छडीसारखा यायचा.

"पाहिला. डोळे मिटले तरी दिसतो."

"मग?"

"हा गडगा मध्येच कुठून उपटला?" बेकरीवाला बिस्कीट मोडत म्हणाला. "त्या दहा नंबरनंच काहीतरी लावून दिलं असणार. आधी सगळं सरळ होतं."

"तुझं बरं जमायचं त्याच्याशी," मिसेस लिंक्लेटर थोराला म्हणाल्या. वाईट हेतूनं नाही, पण बोलल्या. "धक्क्यावर बघायचो आम्ही."

थोराचे कान तापले. "जमायचं," ती म्हणाली. "म्हणूनच हात वर केलेला नाही. एकीकडे करावा तर वाटतं, त्याच्यासाठी करतेय. दुसरीकडे करावा तर वाटतं, त्याच्यासाठी करत नाही हे दाखवायला करतेय. मला पाच मिनिटं द्या. कुणी बोलू नका माझ्याशी."

ती खिडकीपाशी गेली. ठक… ठक… तिनं खिडकी लावून घेतली. खोली एकदम बंद डब्यासारखी झाली. आता एर्लेंड नव्हता. तिनं त्याला डोक्यातूनही बाहेर काढायचा प्रयत्न केला, आणि तो जाईना, तेव्हा तसाच बाजूला उभा केला. गडगा कुणी सांगितला ते राहू दे. गडगा होता. फाटक होतं. उघडं होतं असंच धरून चालू. गाडी हळू, पण चालती. किती वेळ दिसला असेल माणूस? एक पातं लवेल इतका.

ती वळली.

"पातं लवेल तेवढ्यात माणूस दिसतो," ती म्हणाली. "मी तेच करते रोज. नेटा खोटं बोलते असं मला नाही वाटत. तिला कुणीतरी दिसलं. पण महिन्यातून दोनदा तरी माझी चूक होते. मी शपथेवर सांगेन की मान हलवली ती अमक्यानं, आणि तो ओरडतो, मी नाही, मी तर शिंकलो! आणि खरंच दुसराच असतो. आधीच मनात असतं ना, हा घेणार म्हणून, की तोच दिसतो. नेटाला त्यांचं भांडण माहीत होतं."

"मग तुम्ही काय करता?" कप्तानांनी विचारलं.

"लिलाव परत पुकारतो. दोन मिनिटांचं काम." तिचा आवाज चिरकला. "इथे परत पुकारता येत नाही. आणि नेटाला बाजूला ठेवलं तर उरतं काय? पेट्रोल. एकटं. कोंबड्यांच्या आवारातलं गवत कापायचं यंत्र आहे त्याच्याकडे, त्यातही तेच घालतो तो."

"आणि डेव्हीचं काय?" बेकरीवाल्यानं विचारलं. आवाजात आता जोर नव्हता.

  किटली उकळून बंद पडली.

"त्यानंच लावलीही असेल आग," ती शेवटी म्हणाली. "मला माहीत नाही. मला तेच म्हणायचंय. सिद्ध झालं नाही."

 "मला तसं वाटत नाही," मिसेस लिंक्लेटर म्हणाल्या, आणि बिस्किटांचा डबा तिच्याकडे सरकवला. "खा. पांढरी पडलीयेस."

सात विरुद्ध सात. दोषीला आठ लागत होते.

कोर्टात कप्तान फोबिस्टर उभे राहिले आणि 'सिद्ध झालं नाही' असं म्हणाले. आकडे कुणी विचारले नाहीत, विचारायचेच नसतात. हार्कस उठला, टोपी डोक्यावर घातली, कठड्याचं फाटक आपलं आपण उघडून बाहेर गेला. आनंद नाही, आभार नाहीत. तिसऱ्या बाकावर डेव्हीची आई त्याच्या कोटाच्या गुंड्या लावत होती. वरपासून खालपर्यंत, एकेक. डेव्हीनं ज्युरीकडे पाहिलं. थोरानं नजर चुकवली नाही, एवढंच ती त्याच्यासाठी करू शकत होती.

निघताना न्यायाधीशबाईंनी पुन्हा बजावलं, त्या खोलीत कोण काय बोललं, कुणी कुठे हात वर केला, हे बाहेर सांगणं गुन्हा आहे. नवऱ्याला नाही, आईला नाही, कुणाला नाही. कधीच नाही.

थोरा बोळात आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ऊन पडलं होतं आणि वारा होताच. एर्लेंड उठून उभा राहिला. गुडघ्यांवर माती, केसांत दगडाची भुकटी. मधल्या दोन दिवसांत तो गडगा कमरेपर्यंत आला होता.

"आता बोललेलं चालतं?" त्यानं विचारलं.

"चालतं."



"सुटला म्हणे," एर्लेंड म्हणाला. "आता इथून एक बाई सांगत गेली. थोरा, मला एवढंच… तो गडगा. माझ्या चिठ्ठीमुळे का? तिथली जुनी मालकीण होती, म्हातारी ॲनी, तिच्यासाठी रचला होता मी. शेताला नवं नाव पडलंय म्हणून नावावरून काही कळलं नाही. फोटोत माथ्याचे दगड पाहिले तेव्हा… तो सुटला तो माझ्यामुळे? आणि त्यानंच केलं असेल तर? मी त्या माणसाच्या हाताचं…"

"एर्लेंड. नाही सांगता येणार."

"मलासुद्धा?"

"तुलासुद्धा. तू त्या खोलीत नव्हतास."

"तू कुठे हात वर केलास, ते पण नाही?"

तिनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिला पुसायचं नव्हतं, म्हणून वाऱ्याकडे तोंड केलं. पाच दिवस जे साठलं होतं ते सगळं एका माणसाला सांगावंसं वाटत होतं, आणि नेमकं त्याच माणसाला सांगता येत नव्हतं.

"किती दिवस नाही सांगायचं?"

"दिवस नाहीत. जन्मभर."

एर्लेंडनं हातोडी खाली ठेवली. हात पँटीला पुसले, पुसून काही फरक पडला नाही. विचार करायला त्याला वेळ लागायचा, हे तिला आता माहीत झालं होतं. ती थांबली. पाय वाजवला नाही.

"म्हणजे तुझ्याबरोबर जो राहील," तो म्हणाला, "त्याला एक गोष्ट जन्मभर न विचारता राहावं लागेल."

"हो."

"अवघड आहे."

"खूप."

"मला जमेल." मग जरा थांबून, "आज रात्रीपुरतं नाही म्हणत. एकूणच म्हणतोय."

थोरा रडतारडता हसली, आणि हसताहसता तिचा धीर सुटला. "मला झोप नाही रे चार दिवस. सारखं वाटतं, मी बरोबर केलं की…"

त्याची खरबरीत बोटं तिच्या ओठांवर आली. अगदी हलकी, टेकली न टेकली अशी.

"हे पण नको सांगू," तो म्हणाला. "यातूनही मला कळेल. मग दोघं आत."

"मग काय सांगू?" ती त्या बोटांआडून म्हणाली. "बोलल्याशिवाय मला राहवत नाहीये."

"ज्याला परवानगी आहे असं काहीतरी सांग."

बोळाच्या तोंडाशी मिसेस लिंक्लेटर छत्रीशी झगडत उभ्या होत्या आणि अजिबात बघत नसल्याचं दाखवत होत्या. थोरानं त्याचा हात ओठांवरून बाजूला केला. सोडला मात्र नाही.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "खूप आवडतोस. हे सांगितलं तर गुन्हा नाही ना?"

एर्लेंडच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि या खेपेला वाऱ्यावर ढकलायला त्यानं तोंड फिरवलं नाही.

"नाही," तो म्हणाला. "पण जरा मोठ्यानं सांग. वाऱ्यात नीट ऐकू नाही आलं."